एकच ग्राफिक्स कार्ड असेल तर १४ इंची लॅपटॉप घ्यावा की १६ इंची?

वनाजकर (प्रश्न)

नमस्कार. मी घरांच्या अंतर्गत सजावटीची कामे स्वतंत्रपणे करते. बसणे कोथरूडला घरीच असते, साइट मात्र वाकडपासून हडपसरपर्यंत कुठेही असतात. स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये घराचे थ्रीडी मॉडेल करणे आणि एन्स्केपमध्ये त्याची चित्रे व वॉकथ्रू (घरातून फिरत असल्यासारखे दृश्य) काढणे हे रोजचे काम आहे. सध्याच्या लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचे कार्ड आहे आणि दिवाणखान्याला लागून स्वयंपाकघर दाखवायचे म्हटले की तो अडखळतो. गेल्या महिन्यात क्लायंटसमोर सोफ्याच्या कापडाचा रंग बदलून दाखवत असताना पडदा जवळपास अर्धा मिनिट गोठला. समोरच्या काकू काही बोलल्या नाहीत, पण मला ते फार लागले.

टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात दोन लॅपटॉप पाहून ठेवले आहेत. दोन्हींत आरटीएक्स ४०६० आहे, दोन्हींत ग्राफिक्सची मेमरी ८ जीबी आहे. एक १४ इंची, दीड किलोहून थोडा जड. दुसरा १६ इंची, अडीच किलोचा, आणि त्याचा चार्जर विटेएवढा. लहान लॅपटॉप आठ हजारांनी महाग आहे. मी दिवसभर स्कूटरवर पाठीला सॅक लावून फिरते, त्यामुळे ओढा लहानाकडे आहे. परंतु दुकानदाराच्या मते तेच कार्ड मोठ्या लॅपटॉपमध्ये जास्त पळते. कार्ड एकच असताना असे का व्हावे, आणि हा फरक माझ्या कामात जाणवण्याइतका असेल का?

औंधकर

ताई, दुकानदार सांगतो ते खरे आहे. नाव एकच असले तरी त्या चिपला किती वीज मिळणार हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० साठी ती चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॅट एवढा मोठा पल्ला मोकळा ठेवलेला आहे, आणि प्रोसेसरवर भार नसेल तेव्हा त्याच्या वाट्याचे आणखी २५ वॅटपर्यंत चिपकडे वळवता येतात; काही १६ इंची लॅपटॉपच्या माहितीपत्रकात १४० वॅट हा आकडा दिसतो तो यामुळेच. जितके वॅट तितकी उष्णता, आणि ती बाहेर टाकायला पंखे, तांब्याच्या नळ्या आणि हवेला वाट लागते. १४ इंची सांगाड्यात ही जागाच कमी असते. पूर्वी कमी वॅटच्या चिपच्या नावापुढे मॅक्स-क्यू असे लिहिलेले असे, त्यामुळे गिऱ्हाइकाला निदान सुगावा लागत असे. २०२१ पासून नावातली ती खूण गेली, म्हणून आता वॅटचा आकडा आपणच विचारून घ्यावा लागतो. दुकानात एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिमची माहिती उघडायला सांगा. तिथे कमाल ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते.

मात्र वॅट निम्मे झाले म्हणून काम निम्मे होते, असे मुळीच नाही. चिप अधिक वेगाने पळवायची तर व्होल्टेज वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे शेवटचा थोडासा वेग फार महागात पडतो. ४०६० च्या बाबतीत साधारण १०० वॅटच्या पुढे फारसे काही हाती लागत नाही. तेव्हा लहान लॅपटॉप ९० वॅटच्या आसपास देत असेल तर बिनधास्त घ्या. तोच आकडा ५०-६० च्या घरात असेल तर आठ हजार जास्त मोजून कमी काम विकत घेतल्यासारखे होईल.

आपला पडदा गोठला त्याचे कारण मात्र मला वेगळे वाटते. मॉडेलमधले पोत (टेक्स्चर), झाडे, दिवे हे सगळे कार्डाच्या मेमरीत मावले नाही की उरलेले संगणकाच्या रॅममध्ये जाते, आणि तिथून ने-आण करताना चित्र थांबते. एन्स्केप चालू असताना टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्स या पानावर जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) निवडा आणि डेडिकेटेड (कार्डाची स्वतःची मेमरी) व शेअर्ड (रॅममधून घेतलेली) हे दोन आकडे इथे लिहा. किती मेमरी लागते हे त्यावरून कळेल, आणि मेमरीचा प्रश्न लॅपटॉप लहान की मोठा याच्याशी निगडित नाही.

धायरीचा सुतारकाम ठेकेदार

मी डिझायनर नाही. अशा कामांच्या साइटवर बारा वर्षे उभा आहे आणि थ्रीडी माझा मुलगा करतो. दोन गोष्टी पाहिलेल्या आहेत, त्या सांगतो.

पहिली गोष्ट विजेची. काम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये एखादाच प्लग चालू असतो आणि त्यावर कटर मशीन लावलेले असते, त्यामुळे क्लायंटला दाखवताना लॅपटॉप बॅटरीवरच असतो. बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाला पूर्ण वॅट मिळत नाहीत, आणि हे मोठ्या लॅपटॉपलाही चुकत नाही. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी विशेष परवानगीशिवाय नेता येते, म्हणून बहुतेक कंपन्या त्याच्या आतच थांबतात. एवढ्या बॅटरीतून १४० वॅट ओढायचे म्हटले तर ती तासभरही टिकणार नाही. मुलाचा लॅपटॉप १६ इंची आहे, घरी पळतो तसा साइटवर पळत नाही. म्हणून तो आता घरूनच व्हिडिओ आणि गोल फिरवून पाहायची चित्रे काढून आणतो. ती दाखवायला कोणतेही कार्ड चालते.

दुसरी गोष्ट धुळीची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. पीओपी घासताना जी पांढरी धूळ उडते ती पिठासारखी बारीक असते. पावणेदोन वर्षांनी मुलाचा लॅपटॉप उघडला तेव्हा पंखा आणि त्याच्यापुढची पितळी रंगाची जाळी यांच्यामध्ये धुळीचा थर असा बसला होता की चिमट्याने ओढल्यावर तो कापडाच्या पट्टीसारखा अखंड निघाला. त्याआधी तीन महिने तो गरम होऊन मंद पडत होता आणि आम्ही सॉफ्टवेअरला दोष देत होतो. लहान लॅपटॉपमध्ये हवेची वाट आधीच अरुंद असते, तेव्हा ताई, घासकाम चालू असताना तो सॅकमधून बाहेर काढू नका आणि सहा महिन्यांनी एकदा साफ करून घ्या.

कर्वेनगर

मी मोठ्याच्या बाजूने लिहिते. मीही स्केचअपवर दिवसाचे आठ तास काम करते आणि दोन वर्षे १४ इंची पडद्यावर काढली आहेत. १४ आणि १६ हे आकडे कर्णाचे असतात. क्षेत्रफळात मोठा पडदा सुमारे ३० टक्क्यांनी मोठा ठरतो. उजवीकडे मटेरियलचा ट्रे, डावीकडे साधनपट्टी आणि शेजारी एन्स्केपची खिडकी लावल्यावर १४ इंचावर मॉडेलसाठी पोस्टकार्डाएवढी जागा उरते, आणि खिळ्याएवढ्या बिजागरीवर नेमकी क्लिक करताना मान पुढे जाते. माझी मान अजून दुखते. घरी बाहेरचा मॉनिटर असेल तर हा मुद्दा बाद समजा. नसेल तर मॉनिटरचे पैसे लहान लॅपटॉपच्या किमतीत धरूनच तुलना करावी.

शिवाय रॅम. बऱ्याच बारीक लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. मोठ्यात बहुधा दोन खाचा असतात. लहान घेणार असाल तर पहिल्या दिवशीच ३२ जीबीचा घ्यावा.

नारायण पेठ

घरी टेबल कायमचे असेल तर डेस्कटॉपचाही विचार व्हावा. डेस्कटॉपमधले ४०६० कार्ड ११५ वॅटचे असते, त्याला हवा भरपूर मिळते आणि चार वर्षांनी फक्त कार्ड बदलता येते. साइटसाठी जुना लॅपटॉप पुरेल.

वनाजकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तीच दिवाणखाना-स्वयंपाकघराची फाइल उघडून टास्क मॅनेजर पाहिला. डेडिकेटेड ४ पैकी ३.८ जीबीवर जाऊन अडला आणि शेअर्ड हळूहळू चढत २.३ पर्यंत गेला. सोफ्याचे कापड बदलले त्या क्षणी तो आणखी वर उडाला आणि पडदा थांबला. औंधकर यांचे निदान तंतोतंत बरोबर निघाले. म्हणजे मला ६ जीबीहून थोडी अधिक मेमरी लागते. दुकानदाराने सुचवलेला ६ जीबीचा आरटीएक्स ४०५० त्यामुळे यादीतून गेला. डेस्कटॉपचा सल्ला पटला, परंतु क्लायंटच्या घरी बसून भिंतीचा रंग बदलून दाखवणे हाच माझ्या कामाचा निम्मा भाग आहे आणि ते व्हिडिओने साधत नाही.

आज दुपारी पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन दुकानात गेले. लहानात कमाल पॉवर ९० वॅट आहे, मोठ्यात १४०. दोन्हींवर चार्जर लावून एकच चित्र काढले, तेव्हा मोठ्याला १ मिनिट १० सेकंद लागले आणि लहानाला १ मिनिट २२. मग दोन्हींचे चार्जर काढून वॉकथ्रू फिरवला, तर कोणता लॅपटॉप कोणता हे मला डोळे मिटून आवाजावरूनही ओळखता येईना. घरी २७ इंची मॉनिटर आधीपासून आहे, हे मी प्रश्नात लिहायला हवे होते.

१४ इंची, ३२ जीबी रॅमचा सांगितला आहे, शनिवारी मिळेल. वाकडच्या साइटवर पुढच्या आठवड्यात पीओपीचे घासकाम आहे, तेव्हा क्लायंटला मी खालच्या क्लबहाउसमध्येच बोलावले आहे.