२४ अंश आणि कंपाउंडचे दिवे
(पुण्यातील एका सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, जून २०२५)

सचिव (ए-१०२), सकाळी ८.१५
सर्व सभासदांना नमस्कार. एसीचे तापमान २० अंशांच्या खाली किंवा २८ अंशांच्या वर नेता येणार नाही, असा नियम आणणार असल्याचे केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी या आठवड्यात जाहीर केले आहे. त्यास अनुसरून क्लब हाऊसचा एसी २४ अंशांवर ठेवण्याचे आणि रात्री ११ नंतर प्रत्येक विंगमध्ये एकच लिफ्ट चालू ठेवण्याचे कार्यकारिणीने ठरवले आहे. सभासदांनीही घरी २४ अंशांचे पथ्य पाळावे, ही नम्र विनंती.

सबनीस (बी-४०१), ८.२२
सचिव महोदय, मी माझ्या खोलीत किती अंशांत झोपावे हे ठरवण्याचा अधिकार कार्यकारिणीला कोणत्या उपविधीने दिला, ते कळल्यास बरे होईल. लोकांच्या घरात डोकावण्यापूर्वी कंपाउंडचे दिवे भर दुपारी का जळत असतात, या माझ्या महिनाभरापूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

देशपांडे (ए-६०३), ८.४०
नियम अद्याप लागू झालेला नाही, केवळ घोषणा झाली आहे, एवढे आधी स्पष्ट करते. मात्र २४ हा आकडा कार्यकारिणीने मनाने काढलेला नाही. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या (वीजबचतीचे तारे असलेल्या) खोलीच्या एसींचे मूळ, म्हणजे सुरू करताच लागणारे, तापमान कारखान्यातूनच २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक आहे, आणि एक अंश वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगत आला आहे. आपण रिमोट हातात आला की तो १८ वर नेतो, ही गोष्ट वेगळी.

अमेय (सी-२०४), ८.४४
यंदा मे महिन्यातच पुण्यात पाऊस दाखल झाल्यामुळे आमच्या घरी पंखासुद्धा दोनवर आहे. सरकारने पावसाचेच किमान तापमान ठरवून दिले असते तर अधिक सोयीचे झाले असते.

कुलकर्णी काका (ए-३०१), ९.०५
ज्यांनी २००५-०६ चे भारनियमन पाहिले नाही त्यांना हा विनोदाचा विषय वाटणारच. तेव्हा उद्योगांनी आपापली जनित्रे चालवून वाचवलेली वीज पुण्याला मिळाली, म्हणून २००६ मध्ये शहराचे भारनियमन थांबले आणि त्यासाठी आपण जादा आकारही भरला. वीज आकाशातून पडत नाही, हे त्या वेळी सर्वांना समजले होते.

पवार (बी-१०४), ९.१८
काका, शहराचे भारनियमन थांबले त्याच काळात आमच्या गावी बारा-बारा तास वीज नसे, हेही सांगावे. शेतीपंपाला वीज रात्री मिळे आणि माझे वडील बॅटरी घेऊन, सापाकिरड्याच्या भीतीने पाय आपटत, पिकाला बारे (पाणी) द्यायला जात. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना आली ती २०१७ मध्ये. त्यामुळे २० अंशांची सक्ती म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, असे कोणी म्हणाले की मला हसू येते.

सबनीस (बी-४०१), ९.२१
आपल्या वडिलांबद्दल आदर आहे, परंतु मी ‘घाला’ हा शब्द वापरलेला नाही. कंपाउंडचे दिवे दुपारी का जळतात?

गोखले काकू (बी-५०२), ९.४५
एसीचे काय ते तुम्ही ठरवा, मात्र लिफ्टला माझा विरोध आहे. एकच लिफ्ट ठेवली आणि ती वरच्या मजल्यावर दार उघडे राहून अडकली, तर रात्री रुग्णवाहिका आल्यावर आमच्या ह्यांना पाच जिने कोण उतरवणार?

खजिनदार (सी-६०१), १०.१०
काकूंचा मुद्दा रास्त आहे आणि लिफ्टबाबत फेरविचार व्हावा, असे माझेही मत आहे. सामायिक बिल कमी करायचे असेल तर गच्चीवर सौर पॅनेल बसवावेत. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे, हे मी मागील दोन्ही सभांमध्ये मांडले होते. दोन्ही वेळा विषय गच्चीवरच्या पापड-कुरडयांकडे वळला.

गोखले काकू (बी-५०२), १०.१३
कुरडया वर्षातून चारच दिवस असतात, खजिनदार साहेब.

सबनीस (बी-४०१), १०.१५
पुन्हा नम्रपणे विचारतो. कंपाउंडचे दिवे दुपारी का जळतात?

देशपांडे (ए-६०३), ११.३०
सबनीस साहेबांचा स्वर बाजूला ठेवून मी हिशेब केला. कंपाउंडला ७० वॉटचे सोडियमचे १४ दिवे आहेत. ते दिवसाचे १२ तास विनाकारण जळले तर रोज जवळजवळ १२ युनिट, म्हणजे महिन्याला साडेतीनशे युनिट वाया जातात. दीड टनाचा एक एसी रात्रभरात साधारण आठ युनिट घेतो असे धरले, तर तो २० वरून २४ वर आणून फार तर दोन युनिट वाचतील. म्हणजे सहा घरांनी मिळून रात्रभर वाचवलेली वीज आपले दिवे दुसऱ्या दिवशी उन्हात घालवणार.

सबनीस (बी-४०१), ११.३२
धन्यवाद, मॅडम. शेवटी कोणीतरी वाचले.

सचिव (ए-१०२), दुपारी १.०५
वायरमनला फोन करून माहिती घेतली. वादळी पावसात वारंवार वीज गेल्यामुळे मे महिन्यात दिव्यांचे टायमर सुमारे सहा तास मागे पडले होते. परिणामी संध्याकाळी काळोख आणि सकाळी उजेड अशी उलटी स्थिती झाली, काकू फाटकाजवळ ठेचाळल्या आणि तातडीचा उपाय म्हणून वायरमनने टायमर वगळून दिवे थेट जोडले. घड्याळ लावून टायमर पूर्ववत करणे पाच मिनिटांचे काम आहे, परंतु पॅनेल मीटर रूममध्ये आहे आणि त्या खोलीची चावी कार्यालयातील खिळ्यावर नाही. वायरमनच्या म्हणण्यानुसार त्या संध्याकाळी त्याने ती आपल्या माजी सचिवांच्या हाती दिली होती.

अमेय (सी-२०४), १.०७
माजी सचिव म्हणजे कोण, हे नव्या सभासदांसाठी कोणी सांगेल का?

सबनीस (बी-४०१), १.४८
चावी माझ्या घरी सुरक्षित आहे, हे मी कधीही नाकारलेले नाही. ती मागण्यास आजवर कोणी आले नाही. माझा मूळ प्रश्न मात्र अनुत्तरितच आहे, तो असा की महिनाभर दिवे दिवसा जळत असताना कार्यकारिणी काय करत होती?