ज्ञानेश्वरीची हस्तलिखित पोथी : अभ्यासकांना काय कळवावं?

बोरू : सुट्या पानांची पोथी आहे. शेवटी ‘शके बाराशतें बारोत्तरें’ स्वच्छ वाचता येतं. एका अभ्यासकांना मेल करायची आहे. ‘700 वर्षं जुनी’ असं लिहू का? फोटो किती पाठवू?

काजळशाई : 700 अजिबात लिहू नका, मेल तिथेच मिटेल. शके 1212 हे ग्रंथरचनेचं साल. ती ओवी अगदी अलीकडच्या नकलेतही असते. पुढे ‘पंधराशें साहोत्तरीं, तारणनाम संवत्सरीं’ आलं, तर तेही नकलेचं साल नव्हे. ती एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केलेल्या पाठाची खूण. पोथी त्या परंपरेतली, एवढंच कळतं. नकलेचा शक त्याच्याही खाली, ‘हस्ताक्षर’ किंवा ‘लिखितं’ या शब्दांच्या आसपास शोधा. ती ओळ अशुद्धासकट जशीच्या तशी उतरवा, सुधारू नका.

शक पडताळायचा तर त्यात 12 मिळवून 60 ने भागा. बाकी उरते तो संवत्सराचा, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षनावाचा क्रमांक. 1506 + 12 = 1518, बाकी 18, आणि अठरावा तारण. जुळलं नाही, तर आधी आकडा पुन्हा वाचा.

समास : फोटोंचं : पहिलं पान, मधलं एक, शेवटची दोन, प्रत्येकाच्या दोन्ही बाजू. खिडकीपाशी, फ्लॅश बंद, कॅमेरा बरोबर वर, शेजारी पट्टी. पानाचा आकडा बहुधा मागच्या बाजूच्या समासात असतो, म्हणून फाइलला ‘012अ’ (पुढची), ‘012ब’ (मागची) अशी नावं द्या. एकूण पानं, गहाळ आकडे, लांबी-रुंदी आणि दर बाजूच्या ओळी मेलमध्येच लिहा. किंमत विचारू नका. ते त्यांचं काम नव्हे.

चुकलेल्या अक्षरांवर पिवळा लेप दिसेल, तो हरताळ. (‘हरताळ फासणं’ इथलंच.) त्यात आर्सेनिक असतं, तेव्हा थुंकी लावून पानं उलटू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर नकोच, डिंक पिवळा पडून अक्षरांत उतरतो.

अभ्यासक परदेशी असतील तर फक्त फोटो. 75 वर्षांहून जुनं, मोलाचं हस्तलिखित 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं. खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

बोरू : अगदी तळाशी बारीक अक्षरांत निघालं : ‘शके 1712 साधारण नाम संवत्सरे माघ शुद्ध 5’. बाकी 44, साधारण बरोबर. 78 मिळवून इ.स. 1790?

काजळशाई : माघ आहे ना, इंग्रजी वर्ष तोवर बदललेलं असतं. 79 मिळवा : 1791.