गादी बळकावणारा चुलता आणि आरमाराची लढाई: कथानक अडलंय, जाणकारांनी मदत करा

दगडफूल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एका अद्भुतरम्य कादंबरीवर काम चाललंय. राज्याचं नाव वेळणे. किनाऱ्यावर सात खाड्या, प्रत्येक खाडीच्या तोंडावर एक किल्ला. राजा वारतो तेव्हा थोरली मुलगी इरावती आरमार घेऊन दक्षिणेला मोहिमेवर असते. इकडे तिचा धाकटा चुलता भानजी एका रात्रीत वाडा ताब्यात घेतो आणि सकाळी अभिषेक करवून मोकळा होतो. आठवड्याभरात इरावती शंभर गलबतं घेऊन परत येते, भर समुद्रात घनघोर लढाई, भानजी बुडतो, समाप्त.

बायकोने खर्डा वाचला आणि दोनच प्रश्न विचारले. सगळं आरमार पोरीकडे होतं तर चुलत्याने गलबतं आणली कुठून? आणि वाड्यात बसलेल्या माणसाचं सात किल्ले ऐकतील कशाला? माझी दांडी गुल.

राजघराण्यातल्या माणसांना उद्याचा वारा आज कळतो, एवढीच काय ती जादू. ड्रॅगन वगैरे काही नाही. मी पडलो सोलापूरचा, समुद्राशी संबंध गणपतीपुळ्याच्या सहलीपुरता. दोन्ही बाजूंनी तोफा धडाडताहेत आणि नायिका डोलकाठीला लटकून झेप घेतेय, असली सिनेमाछाप लढाई नको आहे. काही सुचवा.

चकलीसम्राट

चुलत्याला बुडवू नका राव. आपल्याकडे चुलते बुडत नाहीत, तीस वर्षं सातबाऱ्यावर बसून राहतात. बाकी वाचतोय.

उधाण

दगडफूल, वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांचा पहिला प्रश्न लाखमोलाचा आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या कथानकातच दडलंय: राजा कुठल्या महिन्यात मेला?

माझं आजोळ जयगडच्या खाडीकाठचं. आजोबांच्या पिढीपर्यंत घरातले पुरुष शिडाच्या गलबतावर मंगळुरी कौलं आणायला जायचे. त्यांचं वर्ष चैत्राला नाही, नारळी पौर्णिमेला सुरू व्हायचं. मृग लागायच्या आत गलबत खाडीत आणायचं, वर ओढायचं, झापांनी शाकारायचं, की मग श्रावणापर्यंत दर्याचं नाव काढायचं नाही. आजही सरकार १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतं. इंजिनवाल्या बोटींची ही गत, तर शिडाच्या आरमाराची काय सांगावी! पावसाळ्यात आरमार म्हणजे चिखलात कलंडलेली लाकडं.

म्हणून भानजीला आषाढात गादी घेऊ द्या. इरावती ज्या परक्या बंदरात असेल तिथेच अडकेल. आठवड्याभरात परत यायचा प्रश्नच उरत नाही. भानजीला फुकटात दोन-अडीच महिने मिळतात.

आता या दोन-अडीच महिन्यांत तो करेल काय? सिंहासनावर बसून मिशीला पीळ देणार नाही. तो खजिना उघडेल आणि खलाशांना उचल देईल. आमच्याकडे अजूनही हंगामाच्या तोंडावर तांडेल (बोटीचा म्होरक्या) आणि खलाशी मालकाकडून आगाऊ रक्कम घेतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, पोरांच्या शाळा सुरू झालेल्या असतात, छपराची डागडुजी निघालेली असते. त्या दिवसांत ज्याने पैसे दिले, हंगामभर त्याच्या बोटीवर जायचं. मोडलं तर पुढच्या वर्षी दुसरा कोणी दारात उभं करत नाही. भानजी स्वतः सातही खाड्यांत फिरला, ओट्यावर बसून माणसागणिक नाणी मोजून दिली, वहीत अंगठे घेतले, की झालं त्याचं आरमार उभं. मागे राहिलेली जुनी तारवं, व्यापाऱ्यांची गलबतं, मचवे, सगळं त्याच्या कामाला येईल. गंमत म्हणजे इरावतीच्या गलबतांवरच्या खलाशांच्या बायकासुद्धा भानजीचीच उचल घेऊन बसलेल्या असतील. ती परत येईल तेव्हा तिच्या डेकवरच्या माणसाचं घर चुलत्याच्या पैशावर चाललेलं असेल. तिने हुकूम सोडला तरी वल्ही पाण्यात पडतील का, हा खरा पेच. तोफा नंतर.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं प्रकरण आहे ते जरूर वाचा. आरमाराचा खर्च मुलखातून ठरवून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर टाकू नये, नाहीतर सावकारांना त्रास होऊन बंदर बुडतं, असं त्यात बजावलंय. भानजी नेमकं तेच करणार, कारण खजिना संपत आलाय. तिसऱ्या महिन्यात तो बंदरातल्या व्यापाऱ्यांच्या मानगुटीवर बसेल आणि ते इरावतीला गुपचूप निरोप धाडू लागतील.

तयार नमुना हवा असेल तर मराठी आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांचं घर बघा. कान्होजी १७२९ मध्ये गेले, त्यांचा थोरला मुलगा सेखोजी १७३३ मध्ये. सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, सेखोजीचा भाऊ संभाजीकडे आली, पण तो दक्षिणेकडे आणि मूळ ठाणं, अलिबागचा कुलाबा किल्ला, बाकी भावांच्या हाती. मानाजी आंग्र्याने पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा घेतला, आणि भाऊ येसाजीचे डोळे काढून त्याला कैदेत टाकलं. १७३५ मध्ये बाजीरावाने मध्ये पडून वाटणी केली: मानाजीला कुलाबा आणि वजारतमाब हा किताब, संभाजीला सरखेली आणि विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाची बाजू. भांडण मिटलं म्हणता? १७४० मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून आला आणि त्याने किल्ल्याचं गोडं पाणी तोडलं. मानाजीने एकीकडे पेशव्यांना आणि दुसरीकडे मुंबईच्या इंग्रजांना हाक मारली. इंग्रजांच्या जहाजांनी संभाजीला सुवर्णदुर्गाकडे पिटाळलं. आजवर ज्यांच्याशी कान्होजी लढले ते आता घरच्या भांडणात पंच!

मानाजीसारखाच भानजीलाही बाहेरचा मदतनीस द्या. खोल बुडाची, उंच, तोफांनी भरलेली परकी जहाजं. ती भाड्याने आली की जाताना काय मागतात हे शेवटच्या प्रकरणात कळू दे.

मोडीवाचक

उधाणताईंनी पैशाची बाजू घेतली, मी कागदाची घेतो. वहिनींचा दुसरा प्रश्न, किल्ले ऐकतील कशाला?

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. गारदी (भाडोत्री शिपाई) आत घुसले ते थकलेल्या पगाराचं निमित्त करून, हे उधाणताईंच्या खात्यात जमा. पण मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. वाडा हाती आला म्हणून नारायणरावाचे चुलते रघुनाथराव पेशवे झाले नाहीत, साताऱ्याहून छत्रपतींकडून पेशवेपदाची वस्त्रं यावी लागली. ती आलीसुद्धा. तरी कारभारी फुटले, कारण नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेऊन ठेवलं, एप्रिल १७७४ मध्ये मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या बाळाच्या नावे नवी वस्त्रं आली. एका तान्ह्या पोराने रघुनाथरावांची पेशवाई संपवली.

तेव्हा वेळण्यात वस्त्रं देणारा कोणीतरी तिसरा हवा. म्हातारा पुरोहित, एखादं देवस्थान, काहीही. तो कोणालाच भेटत नाही असं दाखवा, मजा येईल. भानजीने अभिषेक उरकला पण शिक्का कोणाकडे आहे? किल्लेदाराला पत्र गेलं, मजकूर ठीक, शिक्का जुना. आता किल्लेदार काय करेल? काही करणार नाही. दरवाजा बंद करून दोघांनाही गोड उत्तरं पाठवेल आणि कोण जिंकतो ते बघेल. बहुतेक किल्लेदार हेच करतात, आणि कादंबरीकार नेमके त्यांनाच विसरतात.

अजून एक पात्र फुकट घ्या: तोतया. पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणातले किल्ले पटापट त्याच्या बाजूला गेले. शेवटी मार खाऊन समुद्रमार्गे पळाला तो कुलाब्याला राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात नेऊन मारला. त्याला शरण गेलेल्या किल्ल्यांना तो खरा वाटत होता की सोयीचा, यावर एक स्वतंत्र प्रकरण होईल.

दगडफूल

अरे बापरे, सोनं आहे हे. उचलीचं तर डोक्यात बसलंच. आषाढात गादी, पक्कं. शिक्का इरावतीकडे ठेवतोय.

आता लढाई. तिच्याकडे हलकी गलबतं, चुलत्याकडे भाड्याची मोठी जहाजं. भर समुद्रात ती चिरडली जाणार. आणि वारा दोघांनाही आधीच कळतो, म्हणजे जादूचा फायदा कोणालाच नाही. बरोबर?

उधाण

बरोबर, आणि तेच बरं आहे. वारा कळतो म्हणून दोघंही गाफील राहतील. पाण्याकडे लक्ष जाणार नाही. पाणी तांडेलाला कळतं.

भर समुद्र विसरा. लढाई खाडीत घ्या. कोजागरीची पौर्णिमा धरा (तुमच्या पंचांगात जी असेल ती). पाऊस सरलेला, रोजचे वारे बसलेले: रात्री ते पहाट जमिनीकडून समुद्राकडे मतलई, दुपारपासून समुद्राकडून जमिनीकडे खारा. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा, दिवसा आणि रात्री दोन्ही. शिवाय पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त.

आता मांडा. रात्री साडेअकरानंतर ओहोटी लागली. मागून मतलई. इरावतीची थोडी गलबतं पहाटेच्या आत खाडीतून बाहेर पडतात, शत्रूला दिसतील अशी, आणि उजाडल्यावर घाबरल्यासारखी पुन्हा आत वळतात. वारा विरुद्ध असला तरी वल्ही आहेत आणि आता भरती आत ढकलतेय. भानजीची मोठी जहाजं भरतीवर त्यांच्या मागे आत शिरतात. अकरापर्यंत खाडी तुडुंब, सगळीकडे पाणीच पाणी, वाळूचा दांडा दिसतही नाही. दुपारी खारा वारा सुटतो. भानजीला तो आधीच माहीत आहे, त्याला वाटतं वारा आपल्या पाठीशी. आणि पाणी फिरतं.

आता बाहेर जायचं तर वारा तोंडावर. वारा आत, पाणी बाहेर, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. तीन वाजता पहिलं जहाज दांड्यावर बसतं. जोराचा धक्का वगैरे लागत नाही. नुसतं थांबतं. शिडं भरलेली, सुकाणू फिरतंय आणि काठावरचं झाड मात्र जागचं हलत नाही. मग तक्तपोशी (डेक) हळूहळू एका अंगाला कलायला लागते, पाण्याची पिंपं घरंगळतात, एका बाजूच्या तोफा आकाशाकडे आणि दुसऱ्या बाजूच्या चिखलात. त्या तोफांचा आता उपयोग शून्य. हे दृश्य सावकाश लिहा, चार पानं घ्या. बाकी लढाई एका पानात आटपा.

हल्ल्याची पद्धत आंग्र्यांचीच घ्या. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, पाणी कमी लागणारं जहाज, नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाला, समोर रोखलेल्या तोफा. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबाला दोर बांधून ओढत नेत. शत्रूच्या पिछाडीला जायचं, जिथे त्याच्या तोफा कमी. आधी डोलकाठ्या आणि दोर तोडायचे, मग माणसं चढवायची.

फक्त एक काळजी घ्या. तुमच्या खर्ड्यात इरावतीची उरलेली गलबतं किल्ल्याखाली एकमेकांना बांधून उभी असतील तर आधी ती सोडवा. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्याची जहाजं अशीच बांधून ठेवलेली होती. इंग्रज आरमाराच्या वॉटसनच्या जहाजांवरून सुटलेला एक गोळा त्यातल्या एकावर पडला. ते जहाज इंग्रजांकडूनच धरून आणलेलं होतं. त्याने पेट घेतला आणि सगळं आरमार त्या आगीत गेलं. पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते. किल्ल्यावर आधी क्लाइव्हची माणसं चढली, आणि पुढे तहात बाणकोट द्यावं लागलं. भाड्याच्या जहाजांचं बिल म्हणाले होते ना, ते हे.

दगडफूल

ताई, भरतीचं गणित वहीत उतरवून घेतलं. शेवटचं विचारतो. जहाजं चिखलात बसल्यावर भानजीचे खलाशी लढतील का?

उधाण

त्यांनी उचल कोणाची घेतलीय? गावच्या माणसांनी भानजीची. भाड्याच्या जहाजांवरच्यांनी त्यांच्या कप्तानाची. गावचे खलाशी चिखलात उतरून चालत घरी जातील, त्यांना वाट माहीत आहे, गुडघाभर चिखलात पोरं रोज कालवं काढायला जातात तीच. परक्यांना वाट माहीत नाही आणि अकराच्या भरतीपर्यंत जहाज तरंगणार नाही, म्हणून ते लढतील. तेवढ्यात इरावतीने एकच करायचं: भानजीच्या उचलीची वही जिथे आहे तिथे माणूस पाठवायचा आणि ती कर्जं मी फेडीन असा शिक्क्याचा कागद सातही खाड्यांत लावायचा. खजिना रिकामा आहे, फेडणार कशी, ते दुसऱ्या भागात बघा.