डोलकाठीच्या बुडाशी पाणी, सिलिकॉन भरूनही थांबेना

खाडीकर२६:
मंडळी, माझी २६ फुटी फायबरची जुनी शिडाची बोट आहे. एरवी मुंबई बंदरात मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या नांगरावर) असते, आता पावसाळ्यासाठी वर काढून शाकारली आहे. डोलकाठी ॲल्युमिनियमची, डेकमधून आरपार जाऊन खाली कीलवर (बोटीच्या तळाच्या कण्यावर) टेकलेली. उतरवायला क्रेन लागते, म्हणून उभीच ठेवली. पहिल्याच सरीत केबिनमध्ये काठीच्या बुडाशी पाणी. डेकवरच्या रबरी पट्ट्याभोवती सिलिकॉनच्या दोन नळ्या रिकाम्या केल्या, तरी पाणी तेवढंच. बायको म्हणते, आत छत्री घेऊन बसा.

शिवाय काठीवरच्या विंचच्या (दोर ओढायच्या रहाटाच्या) स्टील स्क्रूंभोवती पिठासारखी पांढरी भुकटी आणि रंगाला फोड आलेत. एक स्क्रू फिरवला तर डोकंच हातात आलं.

वाराभरला:
सिलिकॉन काढ, पॉलीयुरेथेन मार. विषय संपला.

जुना_रिगर:
विषय संपत नाही. पॉलीयुरेथेनने चिकटवलेली काठी पुढच्या वेळी उतरवताना डेकचा तुकडा घेऊन वर येईल.

खाडीकर, बोट शाकारलेली आहे म्हणता. मग डेकवर पाऊस पडतो कुठे? ताडपत्रीबाहेर आहे ती नुसती काठी. तिच्या टोकाच्या पुलीपाशी आणि जिथून हॅलयार्ड (शिडं वर चढवायचे दोर) बाहेर येतात त्या खाचांतून पाणी आत शिरतं आणि पोकळ काठीतून सरळ खाली येतं. ते थांबत नाही, थांबवूही नये. फक्त त्याला वाट हवी. बुडाशी निचऱ्याचं भोक असतं, ते आधी शोधा. बुजलं असेल तर पाणी आत साचून बूडच खातं.

खात्री करायची तर कोरड्या दिवशी डेकच्या खाली काठीला कोरडं फडकं बांधा आणि वरून फक्त रबरी पट्ट्यावर बादलीभर गोडं पाणी ओता. फडकं भिजलं तर पट्टा दोषी. तसं असेल तर ट्रकच्या ट्यूबचा तुकडा, वर-खाली क्लिप, आणि उन्हापासून कॅनव्हासचा झगा. आमची अर्धी हयात ट्यूबवरच गेली.

भुकटीचं म्हणाल तर खारं पाणी, स्टील आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची भुकटी फुगून स्क्रूला जखडते. स्क्रूवर जोर करू नका. आत झिरपणारं तेल सोडा, रात्रभर थांबा, हॉट-एअर गनने भोवती तापवा, मग हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. परत बसवताना विंचखाली नायलॉनची पातळ चकती आणि आट्यांना टेफ-जेल किंवा ड्युरालॅक, म्हणजे ही झीज रोखणारी पेस्ट. हे दोन मिनिटांचं काम लोक टाळतात आणि दहा वर्षांनी ड्रिल घेऊन बसतात. रिव्हेट असतील तर मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) लावा.

आणि ते सिलिकॉन पूर्ण खरवडा. त्याचा नुसता थर उरला तरी वर दुसरं काही चिकटत नाही.

खाडीकर२६:
काका, फडकं कोरडंच राहिलं! भोक सापडलं, आधीच्या मालकाने इपॉक्सीने लिंपलेलं. टोकरल्यावर लिटरभर काळं पाणी बाहेर. तीन स्क्रू तुमच्या पद्धतीने निघाले, तुटलेला मात्र हलत नाही.

जुना_रिगर:
तो ड्रिलच करावा लागेल. मधोमध पंच मारा, बारीक बिटने हळू सुरुवात करा. स्टील कडक आणि भोवतीचं ॲल्युमिनियम मऊ, बिट बाजूला सरकतं. भोक मोठं झालं तर पुढच्या मापाचा, आटे पाडायचा टॅप फिरवा. घाई नको, नारळी पौर्णिमेला वेळ आहे.