आईची नाडी मोजतेय की माझीच?

शेवंती
आईला हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी सुरू झाली आहे. रोज सकाळी गोळीच्या आधी नाडी मोजून वहीत लिहायला सांगितलंय. आठवडाभर इमानेइतबारे लिहिलं: ८६, ८४, ८८. काल तपासणीला गेलो, डॉक्टरांनी स्वतः हात धरला तर ५८! वही चाळून त्यांनी विचारलं, "कुठल्या बोटाने बघता?" मी अंगठा दाखवला. "मग ही तुमची नाडी आहे."
म्हणजे आठ दिवस मी जिना चढून, धापा टाकत आईचा हात धरायचे आणि माझेच ठोके तिच्या नावावर लिहायचे.
आता अंगठा सोडला, पण दोन बोटांनी काहीच लागत नाही. लागलीच तर तीन-चार ठोके मिळतात आणि गायब. आईचे हात बारीक आणि गार, वर नुसत्या निळ्या शिरा. नेमकं कुठे दाबायचं? मनगटावर नाहीच मिळाली तर दुसरीकडे कुठे बघू? गळ्याला हात लावायची भीती वाटते.

निवृत्त_सिस्टर
शेवंती, लाजू नका. बत्तीस वर्षं वॉर्डात काढली. नव्या मुली पहिल्या आठवड्यात हेच करायच्या. अंगठ्याची स्वतःची धमनी चांगली जाड असते, म्हणून घोटाळा.
आधी आईला पाच मिनिटं शांत बसू द्या आणि तुम्हीही बसा. हात पांघरुणाखाली ऊबेत ठेवा. गारठ्याने धमन्या आकसतात. मग हात उशीवर उताणा आणि सैल. अंगठ्याच्या मुळापासून दोन बोटं मनगटाकडे सरकवा. कडेला हाड लागेल, त्याच्या आत दोरीसारखा ताठ स्नायुबंध लागेल. या दोघांच्या मधल्या खाचेत धमनी आहे. निळ्या शिरांकडे बघूच नका, त्यांत ठोका नसतो.
आता खरी गंमत. तुम्ही जोरात दाबताय. बारीक हातावर दाबलं की धमनी मिटते आणि ठोका जातो. आधी नाहीसा होईपर्यंत दाबा, मग बोटं अगदी हळू सैल करत या. जिथे ठोका उसळून बोटाला भिडेल तिथेच थांबा. ही हातोटी आली की पुढचं सगळं सोपं.
तरी शंका आली तर दुसऱ्या हाताने स्वतःच्या गळ्याची नाडी धरा. दोन्ही ठोके अगदी बरोबर पडत असले तर पुन्हा तुमचीच मोजताय!
मनगटावर नाहीच लागली तर कोपर. हात सरळ करा, कोपराच्या लवणीत मधोमध जाड स्नायुबंध असतो; त्याच्या करंगळीकडच्या बाजूला बोटं ठेवा. बीपी बघताना डॉक्टर नळी तिथेच लावतात. बारीक माणसाची ही नाडी छान लागते. तान्ह्या बाळाची तर दंडाच्या आतल्या बाजूलाच बघतात, कारण त्याचा गळा म्हणजे नुसत्या वळ्या.
गळ्याची भीती थोडी खरी आहे. एका वेळी एकच बाजू, हलका हात, आणि जबड्याखाली अगदी वर जायचं नाही. तिथे रक्तदाब ओळखणारी जागा असते. ती दाबली गेली तर ठोके आणखी मंद होतात, वयस्कर माणसाला भोवळही येते. तुमच्या आईला ठोके मंद करणारीच गोळी आहे, तेव्हा गळा सोडाच.
गुडघ्यामागची नाडी खोल असते. विद्यार्थिनी "लागली, सिस्टर" म्हणायच्या, मी मनात म्हणायचे, बाई, तुझी तुला लागली असेल. घोट्यामागची आणि पावलावरची नाडी बघतात ती पायाला रक्त नीट पोचतंय का यासाठी. पावलावरची काही धडधाकट माणसांतही लागत नाही.
आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं आणि एक ठोका निसटला, तर चारची चूक.

पळपुटा
मी पळणारा, म्हणून १५ सेकंदांवरच भागवतो. थांबल्या-थांबल्या ठोके भराभर उतरतात, मिनिटभर मोजेपर्यंत आकडाच बदललेला असतो. बसल्या जागी माझी ५२ असते. मोठ्या माणसाची ६० ते १००, पण नियमित व्यायामवाल्यांची कमी असू शकते. श्वास घेताना ठोके जलद आणि सोडताना मंद होतात हे लक्षात आल्यावर मी ईसीजी काढून आलो होतो. निरोगीपणाचंच लक्षण निघालं!
सिस्टर, कुणी रस्त्यात कोसळलं तर गळ्यालाच बघायची ना?

निवृत्त_सिस्टर
नाही, तुम्ही नाडी शोधायचीच नाही. घाबरलेल्या माणसाच्या बोटांत त्याचीच नाडी धडधडत असते, शेवंतींची वही बघा. हाक मारून हलवलं तरी प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, एवढं दिसलं की मदत बोलवा आणि छातीच्या मधोमध दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

शेवंती
आधी कोपरावर लागली! मग मनगटावर, बोटं सैल करता करता अचानक. मिनिटभरात ५६. पण मध्ये दोनदा ठोका गाळल्यासारखा वाटला.

निवृत्त_सिस्टर
आकड्यापुढे "दोन गाळले" असंच लिहा. एखादा ठोका चुकणं बऱ्याच जणांत असतं, पण लय सतत वेडीवाकडी वाटली तर लगेच दाखवा. ईसीजीतच खरं कळतं. नाडी किती खाली गेली तर फोन करायचा, तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. भोवळ किंवा धाप असेल तर आकड्याची वाट बघू नका. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.

शेवंती
फोन करून आकडा घेतला, वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. पहिलं पान फाडणार होते, आई म्हणाली राहू दे. वर "शेवंतीची" असं तिनेच लिहून ठेवलंय.