हळदीचं पाऊच रिसायकल होईल असं कसं बनवायचं?

प्रश्न: सांगलीत २०० ग्रॅम हळद पावडरचं पॅकिंग करतो. सध्याचं पीईटी-पीई लॅमिनेट (पॉलिएस्टर आणि पॉलिथिन या दोन प्लॅस्टिकचे एकत्र चिकटवलेले थर) भंगारवालाही घेत नाही. नुसत्या पीईचं, म्हणजे पॉलिथिनचं, चालेल का?

– चालेल, पण साध्या पीईतून हळदीचा वास उडतो. मधल्या थरात ईव्हीओएच (वास अडवणारं प्लॅस्टिक) घ्या, वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत. बाहेरच्या थरात नको; दमट हवेत ते कमी पडतं.

– वरच्या दादांचं बरोबर. खरी अडचण मशीनवर येते. पीईटी उष्णता सोसतं, पीई सीलिंगच्या जबड्यालाच (पाऊच तापवून बंद करणाऱ्या भागाला) चिकटतं. तापमान उतरवा, जबड्यावरचं टेफ्लॉन कापड नवं लावा, वेग थोडा कमी ठेवा. आणि सीलच्या पट्टीत पावडर बसली की पाऊच गळणारच! ऑगरपाशी (पावडर भरणाऱ्या स्क्रूपाशी) धूळ ओढणारं सक्शन आधी बसवा.

– पारदर्शक खिडकी नको, उजेडानं रंग फिका पडतो.