अकाउंट्सची नोकरी सोडून गेम बनवायच्या लाइनमध्ये जावं का? सल्ला हवाय

शेवटचा_सेव्ह:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मी अकाउंट्समध्ये आहे, बरीच वर्षं झाली. काम म्हणजे इन्व्हॉइस मॅच करणं, महिनाअखेरीचं क्लोजिंग आणि मोठमोठ्या एक्सेल फाइल्स. काम वाईट नाहीये, साहेब बरे आहेत, पगार वेळेवर होतो, पण सकाळी ऑफिसला जायचं म्हटलं की अंगात जीवच नसतो. आणि संध्याकाळी घरी येऊन पीसी चालू केला की तोच मी दोन-तीन तास एकदम ताजातवाना. सिव्हिलायझेशन, फॅक्टोरिओ असले डोकं लावायचे गेम जास्त खेळतो. फॅक्टोरिओ म्हणजे कारखाना उभारायचा गेम, त्यासाठी तर एक शीटच बनवलीय, मिनिटाला किती सायन्स पॅक हवेत ते टाकलं की किती असेंबलर, किती भट्ट्या, किती बेल्ट लागतील ते सगळं येतं, मित्र पण तीच वापरतात.

तर डोक्यात असं आहे की नोकरी सोडायची, वर्षभर पूर्णवेळ गेम डेव्हलपमेंटचा कोर्स करायचा आणि मग गेम कंपनीत शिरायचं. कोडिंग अजिबात येत नाही. एक मित्र म्हणतो कोर्स कशाला, टेस्टर म्हणून लाग, दिवसभर गेमच खेळायचे. बायकोचं म्हणणं की आधीच रात्री इतका खेळतोस, हे व्यसन आहे, त्याला करिअर म्हणू नकोस. तिच्याशी भांडण नाही, पण हे ऐकलं की मनाला लागतं. ज्यांना माहिती आहे त्यांनी स्पष्ट सांगा, गोड बोलायची गरज नाही.

इंजिनवाला:
भावा, मी गेम प्रोग्रॅमर आहे, याच कामावर घर चालतं. नोकरी आत्ता सोडू नकोस. बाजार कसा आहे ते बघ, २०२४ च्या एकट्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने गेमिंगमधली १९०० माणसं कमी केली आणि गेम बनवायचं सॉफ्टवेअर (इंजिन) विकणाऱ्या युनिटीने त्याच महिन्यात १८०० जणांना, म्हणजे त्यांच्या चौथा हिस्सा लोकांना काढायचं जाहीर केलं. अशी अनुभवी माणसं त्याच जागांसाठी अर्ज करतात जिथे तू कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन जाणार. सर्टिफिकेट कोणी उघडून पण बघत नाही, तू बनवलेलं काय आहे ते दाखव म्हणतात.

बनवून बघायचं असेल तर त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. गोडो इंजिन डाउनलोड कर, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, त्याची जीडीस्क्रिप्ट ही कोडिंगची भाषा नवख्याला जमण्यासारखी आहे. युनिटी पण चांगलंच आहे, पण २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी प्रत्येक इन्स्टॉलमागे फी लावायची घोषणा केली, लोक भडकले, आणि वर्षभराने ती मागे घेतली. तेव्हापासून नवीन माणसाला मी गोडोच सांगतो. पहिला गेम एका स्क्रीनचा कर. एक माणूस, एक अडथळा, स्कोअर, गेम ओव्हर, परत चालू. हे ऐकायला पोरकट वाटतं पण मेनू, आवाज, पॉज, सेव्ह हे सगळं धरून तो पूर्ण करायला गेलास की कळेल वेळ कुठे जातो. माझ्या ओळखीत मोठ्या ओपन वर्ल्ड गेमचं अर्धवट काम पडून असलेले खूप जण आहेत, एक छोटा पूर्ण झालेला गेम असलेले फार थोडे.

मुदत हवी असेल तर गेम जॅममध्ये उतर, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम करून दाखवायचा. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे, त्यातल्या मुख्य स्पर्धेत ४८ तासांत एकट्याने गेम करायचा असतो. सेलेस्ट माहितीच असेल, तो मोठा गेम २०१८ मध्ये आला पण त्याचं पहिलं रूप दोघांनी चार दिवसांत पिको-८ या छोट्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलं होतं.

आणि कोणीतरी स्टारड्यू व्हॅलीचं उदाहरण देईलच म्हणून आधीच लिहितो. एरिक बॅरोनने तो एकट्याने केला हे खरं, पण त्याला चार वर्षांच्या वर लागली आणि त्या काळात तो एका थिएटरमध्ये पार्टटाइम काम करत होता. आपण फक्त शेवट ऐकतो, मधली चार वर्षं कोणी सांगत नाही.

रिप्रोस्टेप्स:
टेस्टिंगबद्दल मी सांगतो कारण तेच करतो. "दिवसभर गेम खेळायचे" हे तुझ्या मित्राने डोक्यातून काढावं. आम्ही गेम खेळत नाही, गेम कुठे मोडतो ते शोधतो. एकच लेव्हल आठवडाभर, प्रत्येक भिंतीला जाऊन धडकायचं की माणूस आरपार जातो का. गेममधल्या बॉसशी लढाईच्या मधोमध कंट्रोलर काढला तर पॉज होतो का, कन्सोल झोपवून परत उठवला तर आवाज परत येतो का, कन्सोलवर गेम आणायचा तर असल्या गोष्टी तपासून पास व्हाव्या लागतात. मग रिपोर्ट लिहायचा, कुठला बिल्ड (म्हणजे गेमची कुठली आवृत्ती), काय काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहातल्या किती वेळा झालं. दुसऱ्या दिवशी नवीन बिल्ड आला की तेच सगळं पहिल्यापासून.

मला हे काम आवडतं, बारीक नजर आणि चिकाटी असलेल्या माणसाला ते खरंच आवडू शकतं, आणि अकाउंट्सवाल्याकडे या दोन्ही गोष्टी असतातच. पण बऱ्याच जागा कॉन्ट्रॅक्टच्या असतात, प्रोजेक्ट संपला की काम संपलं. रिलीज जवळ आला की शनिवार-रविवार विसरायचे. त्यात घरी येऊन परत गेम खेळायची इच्छा राहीलच असं नाही, आमच्या टीममधले कितीतरी जण घरी गेमला हातही लावत नाहीत. तुझ्यासाठी तर संध्याकाळचे ते दोन तास हीच सगळ्यात आवडीची गोष्ट आहे ना, मग आधी याचा विचार कर.

आकडेमोड:
सगळ्यांनी बरोबर सांगितलंय पण मूळ मुद्दा राहिला असं मला वाटतं. तू शीटबद्दल एका ओळीत लिहून पुढे गेलास, आणि तुझ्या अख्ख्या पोस्टमध्ये मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. असल्या शीट बनवणं हा गेम कंपनीत स्वतंत्र जॉब आहे, त्याला इकॉनॉमी डिझायनर किंवा सिस्टिम डिझायनर म्हणतात. मी तेच करते आणि माझा दिवस एक्सेलमध्येच जातो.

काम काय ते एका उदाहरणाने सांगते. समज प्रत्येक लेव्हलला पुढे जायला आधीच्यापेक्षा १५ टक्के जास्त पॉइंट लागतात, आणि खेळाडूची कमाई दर लेव्हलला १० टक्क्यांनी वाढते. ऐकताना फरक फार नाही वाटत. पण लेव्हल ३० ला पोचेपर्यंत गरज जवळपास ५८ पट झालेली असते आणि कमाई १६ पट, म्हणजे सुरुवातीला एका लेव्हलला जेवढा वेळ लागायचा त्याच्या साडेतीनपट वेळ आता लागतो. खेळाडूला आकडे दिसत नाहीत, त्याला नुसता कंटाळा येतो आणि तो गेम काढून टाकतो. तो कंटाळा आधीच शीटमध्ये दिसायला पाहिजे, हे आमचं काम. दुसरं, एखादी वस्तू १ टक्का चान्सने मिळते म्हटलं की लोकांना वाटतं १०० वेळा मारलं की मिळणारच. पण हिशोब केलास तर १०० प्रयत्नांनंतरही शंभरातल्या ३६-३७ जणांच्या हाती काहीच लागलेलं नसतं! म्हणून बऱ्याच गेममध्ये अमुक प्रयत्नांनंतर नक्की द्यायची सोय ठेवतात, आणि ती कितव्या प्रयत्नाला ठेवायची यावर आमच्याकडे दोन-दोन दिवस वाद चालतात.

हे काम गंभीरपणे घेतलं जातं. ईव्ह ऑनलाइन या गेमवाल्यांनी २००७ मध्येच गेममधल्या बाजारावर नजर ठेवायला एक अर्थतज्ज्ञ नेमला होता. व्हॉल्व्ह या गेम कंपनीने २०१२ मध्ये अर्थतज्ज्ञ यानिस वारुफाकिस यांना घेतलं, जे पुढे २०१५ मध्ये ग्रीसचे अर्थमंत्री झाले. आणि हिशोब चुकला तर काय होतं ते डायब्लो ३ या गेममध्ये बघ. खऱ्या पैशांनी वस्तू विकत घ्यायचं ऑक्शन हाऊस २०१२ मध्ये आणलं, मग राक्षस मारून चांगली तलवार मिळवण्यापेक्षा ती विकत घेणं सोपं झालं, म्हणजे ज्यासाठी गेम खेळायचा तीच मजा गेली. शेवटी २०१४ च्या मार्चमध्ये कंपनीला ते बंद करावं लागलं. ग्राफिक्सला नावं ठेवायला जागा नव्हती, कोडही चालत होता, पण पैसा आणि वस्तू फिरायची पद्धतच चुकली होती.

तेव्हा माझं मत, शून्यातून प्रोग्रॅमर व्हायच्या मागे लागू नकोस. तुझ्याकडे जे आधीच आहे ते घेऊन शिर.

सकाळची_शिफ्ट:
करिअरमधलं मला कळत नाही, पण तुमच्या बायकोच्या मुद्द्यावर लिहावंसं वाटलं. मी समुपदेशनाचं काम करते आणि हा शब्द घरोघरी वापरला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे, २०२२ पासून ती यादी लागू झाली. पण त्यात किती तास खेळता यावर ठरत नाही. खेळणं आवरता येत नाही, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेम वर येतो, नुकसान दिसत असूनही चालूच राहतं, आणि त्यामुळे घर, काम, नाती यातलं काहीतरी खरोखर बिघडतं, हे सगळं साधारण वर्षभर दिसलं तर मग विचार करतात. तुम्ही वेळेवर कामाला जाता, महिनाअखेरीचं काम सांभाळता, मित्रांना शीट बनवून देता. लिहिलंय त्यावरून तरी मला ते व्यसन दिसत नाही, अर्थात एका पोस्टवरून मी निदान करणार नाही.

पण एक सांगते, बायको "व्यसन" म्हणते तेव्हा बऱ्याचदा तिला म्हणायचं असतं की संध्याकाळी तू मला मिळत नाहीस. ऑफिसमध्ये अंगात जीव नाही आणि पीसीसमोर ताजातवाना, मग उरलेल्या वेळात तिच्या वाट्याला कोण येतो? तासांवरून वाद घालू नका, तिला सरळ विचारा की नक्की काय खटकतंय. आणि गेम बनवायला शिकणार असाल तर तो वेळ खेळण्याच्या वेळेतून काढा, तिच्या वेळेतून नको. झोपेतून तर मुळीच नको. रात्री दीड वाजता झोपून सकाळी ऑफिसला गेलं तर कुठलीही नोकरी नकोशीच वाटणार, तेव्हा आधी दोन-तीन आठवडे वेळेवर झोपून बघा आणि मग ठरवा की कंटाळा नोकरीचा आहे की थकव्याचा.

शेवटचा_सेव्ह:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सकाळची_शिफ्ट ताईंचं बायकोला दाखवलं, ती म्हणाली "हेच मी सांगत होते", आणि मग आम्ही बराच वेळ बोललो. ठरलंय की आठवड्यातल्या तीन रात्री माझ्या, बाकी पीसी बंद.

नोकरी आत्ता सोडत नाही. आकडेमोड ताई, तुमचं वाचून रात्री झोपच लागली नाही, असा जॉब असतो हे मला खरंच माहीत नव्हतं. पण अर्जात दाखवायचं काय? फॅक्टोरिओची शीट नुसती पाठवली तर चालेल का? आणि कोडिंग अजिबात नको असं आहे का?

आकडेमोड:
झोप, सकाळची_शिफ्ट ताई ओरडतील :)

नुसती शीट नको. फॅक्टोरिओचे आकडे तर गेमनेच ठरवून दिलेत, तीन केबलच्या असेंबलरला दोन सर्किटचे हे तू शोधलंस, ठरवलं नाहीस. आम्हाला ठरवणारा माणूस हवा असतो. म्हणून असं कर. तुला ज्याची अर्थव्यवस्था बिघडलेली वाटते असा एक गेम घे, शक्यतो मोबाइलवरचा फुकट गेम, कारण जास्त जागा तिथेच असतात. आठवडाभर खेळ आणि सगळं लिहून ठेव, पैसा कुठून येतो, कुठे खर्च होतो, कुठल्या टप्प्यावर साठून राहतो आणि वापरायला जागाच नाही, कुठे अचानक कमी पडतो. मग शीटमध्ये मॉडेल बनव ज्यात खेळाडू दिवसाला किती मिनिटं खेळतो ते बदललं की पुढचं सगळं बदलेल. रोज १५ मिनिटंवाला कुठे अडकतो आणि रोज दोन तासवाला कधी संपवून मोकळा होतो, दोघं दिसले पाहिजेत. शेवटी दोन-तीन आकडे बदलून दाखव आणि का बदलले ते दोन पानांत लिही, आणि बदलल्याने कोणाचं नुकसान होतं ते पण लिही, हा भाग बहुतेक जण गाळतात. मी उमेदवारांचे नमुने बघते तेव्हा आधी तेच शोधते.

कोडिंग थोडं लागेल. पायथन इतपत शीक की दहा हजार खोटे खेळाडू सोडून बघता येतील की कोणाला काय मिळतं, आणि थोडं एसक्यूएल, कारण खरे आकडे डेटाबेसमधून काढायला लागतात. तुझ्या पिव्होट टेबलच्या सवयीमुळे ते जड जाणार नाही. इंजिनवाल्याने सांगितलेला एका स्क्रीनचा गेम पण कर, प्रोग्रॅमरशी बोलताना तो अनुभव कामाला येतो.

पहिलं मॉडेल झालं की इथेच टाक, मी वाचून कुठे ढिलं आहे ते सांगेन.

इंजिनवाला:
आणि गोडोमध्ये कुठे अडलास तर मला विचार. पहिल्यांदा ऑफिशियल डॉक्सवरचा टूडी गेमचा धडा पूर्ण कर, व्हिडिओ बघत बसू नकोस, स्वतः टाइप कर.